दोन तारखेची रात्र

भोजराजाच्या धारानगरीतल्या एका विणकराची गोष्ट बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त आहे. राजाचं फर्मान असं, की या नगरीत मूर्खाला थारा नाही. ब्राह्मण असून मूर्ख असेल तर त्यानं वेशीबाहेर व्हावं आणि कुंभार असून विद्वान असेल तर त्यानं खुशाल राहावं. पुढे परगावाहून एक पंडित आला. त्याला राहायला घर हवं होतं. कुणाचं घर रिकामं करता येईल हे हुडकत राजाची माणसं फिरली आणि त्यांना एक विणकर सापडला. मागावर बसणारा माणूस, त्याला कविता कुठली येणार! पण राजासमोर उभं केल्यावर त्यानं आपली कैफियतच श्लोकात मांडली. कविता आणि विणकाम ही एकाच माणसाच्या हातची कामं असू शकतात, हे सभेला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

भोज अकराव्या शतकातला आणि बल्लाळ त्यानंतर जवळपास पाच शतकांनी झालेला, तेव्हा ही गोष्ट कुणी इतिहास म्हणून वाचत नाही. पण चांगल्या बोलण्याची, चांगल्या गाण्याची, चांगल्या चर्चेची ज्यांना चाड आहे अशा प्रत्येक मंडळीपुढचा प्रश्न तिच्यात आहे. दर्जा राखायचा तर दार किती उघडायचं? भोजाच्या परीक्षेत जात पाहिली जात नव्हती, ही मोठीच गोष्ट. मात्र परीक्षा होती ती दारातच. श्लोक सुचला म्हणून विणकर ताठ उभा राहू शकला. ज्याला सुचला नसता, त्यानं मुकाट्यानं बिऱ्हाड उचलायचं होतं.

भोजाच्या याच माळव्यात, इंदूरच्या पलीकडे देवासला, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा प्रश्न अगदी वेगळ्या रीतीनं हाताळला गेला. तिथेही मधोमध एक विणकरच होता. कबीर.

देवास म्हटलं की मराठी माणसाला पवार संस्थानिकांची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवते, चामुंडेची टेकडी आठवते आणि टेकडीच्या पायथ्याशी राहिलेले गायक कुमार गंधर्व आठवतात. गावाच्या आसपासच्या खेड्यांमध्ये रात्री काय गायलं जातं, याची खबर फार थोड्यांना असते. तिथे पिढ्यान् पिढ्या कबीराची निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची, भजनं म्हटली जातात. म्हणणारे बहुतेक दलित वस्त्यांमधले, दिवसा शेतावर किंवा मजुरीला जाणारे. रात्री जेवणं उरकली की घरासमोर सतरंजी पडते. पाच तारांचा उभा तंबोरा एका हातात, खडताल दुसऱ्या हातात, जोडीला मंजिरा आणि ढोलक किंवा टिमकी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. तंबोरा इथे नुसता सूर धरून बसत नाही, तो लयही हाकतो. तारेवरचा आघात आणि खडतालाचा ठोका यांतून एकट्या माणसालाही सगळं गाणं उभं करता येतं. कुणाकडे भजनांची वही असते, कुणाला सगळं तोंडपाठ.

शालेय शिक्षणात, विशेषतः विज्ञान शिकवण्याच्या नव्या पद्धतींवर काम करणाऱ्या 'एकलव्य' या संस्थेचं एक केंद्र देवासला होतं. १९८२ साली स्थापन झालेली ही संस्था पुष्कळांना 'चकमक' या मुलांच्या मासिकामुळे ठाऊक असेल. गावोगाव फिरताना तिथल्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं, की जातिभेदावर, कर्मकांडावर, हिंदू-मुसलमान भांडणावर कबीरानं ओढलेले कोरडे ही माणसं रोज गातात. पण ही मंडळं एकमेकांना क्वचितच भेटतात, आणि गाण्यातल्या म्हणण्यावर बोलणं तर जवळपास होतच नाही. १९९१ मध्ये 'कबीर भजन एवं विचार मंच' सुरू झाला तो यातून. दर महिन्याच्या दोन तारखेला मंडळं देवासला जमायची, रात्रभर भजनं व्हायची आणि भजनांच्या मध्ये चर्चा व्हायची. १९९८ पर्यंत हा क्रम चालला.

मंच सुरू झाला तो काळही विसरता येत नाही. देशात मंदिर-मशिदीवरून वातावरण तापत चाललं होतं आणि १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येत मशीद पाडली गेली. अशा दिवसांत, ज्याच्यावर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही हक्क सांगितला आणि ज्यानं दोघांनाही सुनावलं, त्या कवीवर जाहीरपणे बोलणं हा नुसता छंद राहत नाही.

ठरलेली एक तारीख ही साधी गोष्ट वाटते, पण तिचं मोल मोठं आहे. आमंत्रणपत्रिका आली की बोलावलेले आणि न बोलावलेले असे दोन गट पडतात. दोन तारीख सगळ्यांसाठी सारखीच उजाडते. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्यालाही ती लक्षात राहते. एखाद्या महिन्यात पेरणी किंवा सोंगणी आडवी आली तर पुढच्या महिन्यात यायचं. मालकाच्या दारात चप्पल काढून हातात घ्यावी लागणाऱ्या माणसानं गावातल्या संस्थेच्या कार्यालयात शिरायचं, शिकलेल्या लोकांच्या शेजारी बसून चहा प्यायचा आणि मग त्यांच्यासमोर गायचं, हे तेव्हाच्या माळव्यात सहजासहजी घडणारं नव्हतं. दार उघडं आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. आत आल्यावर माणसाला कुठे बसवतात, यावरून ते उघडं होतं की नाही ते कळतं.

मग दर्जाचं काय? मंचानं दर्जाची अपेक्षा सोडली नाही, तिची जागा बदलली. आत येण्यासाठी गळा गोड असण्याची, कबीरपंथी असण्याची, साक्षर असण्याची अट नव्हती. पण आत आल्यावर गाण्याला प्रश्न विचारले जायचे. हे जे म्हटलं त्याचा अर्थ काय? अंगात येणं, नवस-सायास, उच्चनीच यांवर कबीर जे बोलतो, ते आपल्या घरात आपण पाळतो का? मंचावर येणाऱ्या अनेक गायकांनी पुढे आपला अनुभव सांगितला आहे, की आधी आपण नुसतं गात होतो, अर्थाकडे लक्ष इथे आल्यावर गेलं. सुरांची परीक्षा घेतली असती तर यांतले निम्मे परतले असते. इथली परीक्षा सुरांपेक्षा अवघड होती, आणि तरीही ते पुढच्या दोन तारखेला येत राहिले.

यात 'एकलव्य'चे कार्यकर्तेही सुटले नाहीत, आणि मंचाचं खरं बळ इथे आहे. ते शास्त्रीय दृष्टीचे, धर्माच्या बाबतीत हात राखून असणारे. त्यांना समाजावर आसूड ओढणारा कबीर हवा होता. गायकांना तोही हवा होता, आणि त्याच्याइतकाच गुरूचा महिमा गाणारा, आतल्या नादाबद्दल बोलणारा कबीरही हवा होता. आमच्या कार्यालयात फक्त सामाजिक आशयाची भजनं म्हणा, असा नियम करणं सोपं होतं. तसं झालं असतं तर मंच सहा महिन्यांत प्रचारसभा होऊन बसला असता. तसं झालं नाही, म्हणूनच दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकून घ्यावं लागलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केलेल्या लिंडा हेस यांनी १९८३ साली शुकदेव सिंह यांच्यासह 'बीजक' या कबीरवाणीच्या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता. पुढे माळव्यात येऊन त्यांनी या मंडळांचा आणि मंचाचा अभ्यास केला. २०१५ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात हा मंच आणि त्यातली ओढाताण सविस्तर आली आहे.

आणखी एक गोष्ट मंचाच्या बाजूची होती: वेळ. रात्र लांब असते. नाट्यगृहातला कार्यक्रम दोन-अडीच तासांचा, तेव्हा कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं हे आधी ठरवावंच लागतं. रात्रभराच्या बैठकीत एखाद्याचं भजन बेसूर झालं तरी कुणाचं काही बुडत नाही. त्याच्या मागून दुसरा येतो, आणि बेसूर गाणारा तिथेच बसून चांगलं कसं गातात ते पाहतो. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. निवड करण्याची घाई बहुतेक वेळा घड्याळ करायला लावतं, आणि माणसं तिलाच दर्जाची काळजी समजतात. कोकणातल्या डबलबारी भजनात दोन बुवा एकमेकांना कोड्यात पकडतात तेव्हा गाण्याला धार चढते, यात शंका नाही. गावोगावच्या भजनस्पर्धांतही परीक्षकांच्या गुणांमुळे मंडळं कसून तयारी करतात. पण तिथे निकाल लागला की हरलेलं मंडळ आपली पखवाज-पेटी बांधून घरी जातं. कुठे चुकलं, अभंगाचा अर्थ आपण काय लावला, हे बोलायला कुणी थांबत नाही.

विद्वानांच्या मापानं पाहिलं तर मंच पार नापास झाला असता, हेही सांगायला हवं. कबीराच्या पाठचिकित्सेवर विसाव्या शतकात फार मोठं काम झालं. १९२८ मध्ये श्यामसुंदरदासांची 'कबीर ग्रंथावली' आली, १९६१ मध्ये पारसनाथ तिवारींची संशोधित आवृत्ती आली, २००० मध्ये विनांद कॅलवार्ट यांनी जुन्या हस्तलिखितांवरून मोठा संग्रह सिद्ध केला. माळव्यात गायली जाणारी बरीचशी भजनं या जुन्या हस्तलिखितांत सापडत नाहीत. भाषा माळवी झालेली, शेवटी कबीराबरोबर त्याचा शिष्य मानल्या गेलेल्या धर्मदासाचं नाव आलेलं, मधे एखादं कडवं भलतीकडचं. हे कबीराचं नव्हेच, असं म्हणून दार लावता आलं असतं. पाचशे वर्षं तोंडोतोंडी चाललेल्या गाण्याला असं मोजणं बरोबर ठरलं नसतं. संशोधकाला हस्तलिखित लागतंच. पण तोंडी परंपरा गाणाऱ्यांनीच घडवलेली असते, आणि त्यांना वगळून कबीर शुद्ध करायला निघालं तर शेवटी पोथी उरते आणि गाणारा हरवतो.

बाहेरून आलेल्या कानांना देवासनं यापूर्वीही पेचात टाकलं होतं. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी सचिव म्हणून इथे होते. राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी पाहिला, त्यात खुद्द महाराज देवापुढे गात-नाचत होते. गोंगाट, गर्दी, ताळमेळ नाही. केंब्रिजमध्ये घडलेल्या त्यांच्या अभिरुचीला त्यात रूप असं काही दिसेना. पण त्यांना तो सोडवेना. १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'चा शेवटचा भाग त्या उत्सवावरच उभा आहे, आणि इंग्रजी कादंबरीच्या त्या पानांत तुकारामाच्या नावाचा गजर चालू आहे. ज्याला आपल्या मापानं नापास केलं, त्यातच काहीतरी थोर आहे हे कबूल करण्याचं मोठेपण फॉर्स्टरमध्ये होतं.

कुमार गंधर्वांची गोष्ट याहून खोल जाते. १९४८ च्या सुरुवातीला क्षयानं ग्रासलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि काही वर्षं अंथरुणाला खिळून होते. गाणं बंद, बोलणंसुद्धा बेतानं. त्या काळात कानावर पडत राहिली ती माळव्याची लोकगीतं आणि शीलनाथांच्या धुनीच्या परंपरेतली, नाथपंथी जोग्यांच्या तोंडची निर्गुणी भजनं. बरे झाल्यावर लोकधुनांच्या पोटातून त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार असे राग उभे केले आणि निर्गुणी भजनाला मैफलीत अशी जागा मिळवून दिली, की आज मराठी घरांतला कबीर बहुतांशी त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. स्वराच्या बाबतीत त्यांच्याइतका कठोर माणूस विरळा. त्यांचा हा खुलेपणा काही अंशी देवधर मास्तरांच्या मुंबईतल्या शाळेतून आला असणार. तिथे निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात, आणि विद्यार्थ्यांना सगळ्यांचं ऐकायला मिळे.

तरीही एक फरक उरतो. कुमारजींच्या मैफलीत जोग्याचं गाणं आलं. जोगी स्वतः रस्त्यावरच राहिला. हा कुमारजींचा दोष नव्हे, शास्त्रीय मैफलीची घडणच तशी आहे. तिथे उंबरठ्यापाशी तालीम लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण गाण्याचं स्वागत झालं म्हणजे गाणाऱ्याचं झालं, असं मानता येत नाही. १२ जानेवारी १९९२ रोजी कुमारजी गेले. त्याच सुमारास, त्याच गावात, दर दोन तारखेला गाणारे स्वतः येऊन बसू लागले होते.

दर्जाच्या नावाखाली माणसं बाहेर राहतात तेव्हा काय होतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण जुनं आहे. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण धाडलं. जोतीरावांनी पत्रानं नकार कळवला आणि ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. जे लोक सर्वांचे मानवी हक्क मोकळेपणानं मान्य करत नाहीत, त्यांच्या ग्रंथांचा आणि आमच्या भावनांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा मथितार्थ. रानड्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. निमंत्रण तर त्यांनी दिलंच होतं. पण चांगला ग्रंथ कशाला म्हणायचं हे ज्यांनी आधीच आपसांत ठरवलंय, त्यांच्या सभेत खुर्ची मिळून काय उपयोग? दर्जाची व्याख्या करण्यात ज्याचा वाटा नाही, तो पाहुणाच राहतो. देवासच्या मंचावर हा वाटा गायकांना थोडाफार मिळाला, कारण कबीराचा अर्थ काय यावर कार्यकर्त्यांइतकाच त्यांचाही शब्द चाले.

आणि हे सारं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे मंचाशी पहिल्यापासून जोडलेले. सरकारी शाळेत शिक्षक, तंबोऱ्यावर जीव, आणि गाता गाता मध्येच थांबून ओळीचा अर्थ श्रोत्यांना उलगडून सांगण्याची हातोटी. कॅसेटी निघाल्या तसं त्यांचं नाव खेड्यापाड्यांत पोहोचलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मधल्या काळात कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेनं त्यांना महंत केलं आणि ते चौका-आरतीचा विधी करू लागले. कर्मकांडावर तुटून पडणाऱ्या कबीराच्या नावानं कर्मकांड! मंचावरच्या जुन्या सोबत्यांना हे रुचलं नाही आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. टिपानियांचं म्हणणं, की पंथात राहिलं तर हजारो लोकांपर्यंत पोहोचता येतं. शबनम वीरमानी यांच्या 'कबीरा खडा बाज़ार में' या माहितीपटात ही सगळी ओढाताण दिसते, आणि टिपानियांच्या स्वतःच्या मनात उठलेले प्रश्नही दिसतात. सोबत्यांनी तोंडावर टीका केली, पण संबंध तोडला नाही. सात-आठ वर्षं एकत्र जागवलेल्या रात्री पाठीशी नसत्या, तर अशा वादानं तो एका बैठकीतच तुटला असता.

मंच थांबला त्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला. माळव्याचा कबीर दूरवर गेला. यात्रा निघाल्या, शहरांतल्या महोत्सवांत तंबोरे दिसू लागले, देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दच्या काळूराम बामनियांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मानसन्मान झाला ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र महोत्सवाला पुन्हा घड्याळ आलं, नावाजलेले चार-दोन गायक आले, आणि बाकीची मंडळं श्रोत्यांमध्ये किंवा आपापल्या गावात राहिली.

मंचाचं एक दार पुरतं उघडलं नव्हतं, हेही खरं. तंबोरा-भजनाच्या मंडळांत पुरुषच जास्त, आणि मंचावरही बायकांचा वाटा थोडाच राहिला. आज गीता परागसारख्या गायिका माळवी कबीर जाहीरपणे गातात, पण त्या अजूनही मोजक्याच आहेत. रात्रभराची बैठक मजुराला सोयीची, कारण त्याचा दिवस मालकाचा असतो. त्याच मजुराच्या बायकोला मात्र पोरं, गुरं आणि पहाटेचं दळण सोडून देवासची शेवटची बस गाठणं जमणारं नसतं. पुन्हा कुणी असा मंच उभारणार असेल, तर महिन्यातली एक बैठक दुपारची ठेवावी, आणि ती खेड्यातच भरवावी.